कोपऱ्यातला टाळकरी आणि कोपऱ्यातला तारा

प्रश्न केजकडच्या एका तरुण छायाचित्रकाराचा आहे. थोडक्यात असा: "दादा, माझ्याकडे कॅनन २००डी, तिच्यासोबत आलेली १८-५५ आणि ५० मिमी एफ १.८ आहे. गावोगावचे सप्ताह, रात्रीच्या वराती आणि उन्हाळ्यात आकाशगंगा, हे सगळं करायचंय. चाळीस हजारांच्या आसपास साठलेत. मित्र म्हणतात १४ मिमी एफ २.८ घे. एक जण म्हणतो कॅमेराच बदल, मिररलेस घे आणि त्यावर १६ मिमी एफ १.४ लाव. काय करू?" (नवख्या वाचकांसाठी: लेन्सचे मिमी जितके कमी तितकं रुंद दृश्य मावतं, कमी मिमीच्या लेन्सला वाइड म्हणतात. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. २००डी हा आत आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा, मिररलेसमध्ये तो आरसा नसतो.)

तू दादा म्हणालास, तेव्हा मीही सरळ अरे-तुरेवर येतो. आधी उत्तर, मग कारणं. १४ मिमी घेऊ नकोस. कॅमेरा आत्ता बदलू नकोस. सिग्माची १८-३५ एफ १.८ वापरलेली पण धडधाकट मिळते का ते बघ. ती हाती येईपर्यंत आकाशगंगेसाठी एक रुपया खर्चू नकोस, कारण त्या कामाची लेन्स तुझ्या बॅगेत आधीच पडली आहे.

तुझी गल्लत कुठे होते आहे सांगतो. सप्ताहाचा मंडप आणि माळरानावरचं आकाश दोन्हीकडे अंधार, म्हणून दोन्हीला एकच औषध, असं तू धरून चाललास. पण कीर्तनकार थांबत नाही. हात वर गेला, उपरणं खांद्यावरून घसरलं, चेहऱ्यावर हसू आलं, तो क्षण पुन्हा यायचा नाही. ताराही सरकतो, पण तो किती सरकणार हे आधीच ठाऊक असतं आणि त्याचे वीस फोटो काढून एकावर एक रचता येतात. आकाशाच्या कामात लेन्सची कसर धीराने भरून निघते. मंडपात धीर काही कामाचा नाही, तिथे काचच मोठी लागते. म्हणून लेन्स घ्यायची ती मंडपासाठी. आकाश तिच्यावर फुकटात बसतं.

आता मंडपाचा हिशेब बघ. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साध्या एलईडी नळ्या सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड पडू द्यायचा वेळ, १/१६० किंवा १/२०० सेकंदावर नेलंस की एक फ्रेम उजळ आणि पुढची पिवळट-काळी, असं सुरू होतं. त्यामुळे मी मंडपात १/१०० वर अडून बसतो, फार तर १/५०. डीजेच्या रंगीत दिव्यांचं गणित वेगळं, ते कुठल्याही वेगाने लुकलुकतात, त्यांच्यापुढे हात टेकलेले बरे. तर १/१०० पक्कं धरलं आणि दहा-बारा नळ्यांचा नेहमीचा मंडप असला, तर तुझ्या १८-५५ ला १८ मिमीवर एफ ४ मध्ये आयएसओ ६४०० च्या आसपास लागेल (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ती वाढवली की फोटोत दाणा वाढतो). जरा जवळ घ्यायला ३५ मिमीपर्यंत फिरवलीस की अपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडणं, एफ ५ च्या घरात उतरतं आणि आयएसओ दहा हजारांवर जातो. तिथे २००डी चा फोटो म्हणजे ज्वारीच्या पिठात बुडवून काढल्यासारखा. एफ १.८ वर तेच काम आयएसओ १३०० मध्ये होतं, आणि १८-३५ ला झूम करताना ते १.८ हलत नाही. २०१३ मध्ये ही लेन्स आली तेव्हा अख्ख्या झूमभर एफ १.८ देणारी ती तुझ्यासारख्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यांसाठीची पहिलीच होती.

फ्लॅश का नको, हे तुला सांगायला नको, पण माझा एक किस्सा ऐक. फिल्मच्या काळात मी २८ मिमी एफ २.८ आणि ४०० ची फिल्म घेऊन सप्ताहाला जायचो. उजेड पुरायचा नाही, मग फ्लॅश वर शामियान्याच्या कापडावर मारायचो. कापड लाल-पिवळ्या पट्ट्यांचं. फोटोत अर्धे टाळकरी कुंकवात न्हालेले, अर्धे हळदीत. एकदा महाराजांनी अभंगाचं चरण मध्येच थांबवलं, माझ्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाले, "माउली, ती वीज आता आवरा." पाचशे माणसं हसली. तेव्हापासून कीर्तनात फ्लॅश बंद.

उघड्या लेन्सवर फोकस चुकेल अशी भीती तुझ्या मनात असणार, कारण तुझी ५० मिमी तुला तसा अनुभव देत असेल. ५० ने एफ १.८ वर तीन मीटरवरच्या माणसावर फोकस धरलास तर पुढे-मागे बारा-तेरा सेंटीमीटरच स्पष्ट राहतं. महाराज एक पाऊल पुढे आले की गेलं. १८ मिमीवर त्याच अपर्चरला, त्याच अंतरावर, साधारण सव्वादोन मीटरपासून जवळपास साडेचार मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं येतं. महाराज, वीणेकरी आणि टाळकऱ्यांची पहिली रांग, सगळे त्यात बसतात. वाइडची खरी मेहेरबानी ही आहे, 'जास्त दिसतं' ही नाही. एक मात्र लक्षात ठेव. या सिग्मात डीएसएलआरच्या डोळा लावायच्या खिडकीतून बघताना ऑटोफोकस कधीकधी दगा देतो, ही तिची जुनी तक्रार आहे. तुझ्या २००डी ला लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, सेन्सरवरच फोकस करता येतो, तो वापर. मान थोडी अवघडेल, फोटो चुकणार नाही.

आता १४ मिमीचं भूत उतरवतो. आकड्यांचा एक खेळ आहे, तो दुकानात कोणी सांगत नाही. एफ-नंबर म्हणजे नुसतं गुणोत्तर. लेन्सच्या मिमीला एफ-नंबरने भाग, की उजेड आत यायचं खरं भोक कळतं. तुझी १८-५५ एफ ४ वर: १८ भागिले ४, साडेचार मिलिमीटर. १४ मिमी एफ २.८: पाच मिलिमीटर. म्हणजे एका ताऱ्याचा जेवढा प्रकाश तुझी सोबत आलेली लेन्स गोळा करते, त्याच्या जेमतेम सव्वापट ही नवी लेन्स करणार. १८-३५ एफ १.८ वर: दहा मिलिमीटर, जवळपास पाचपट. आणि तुझी ती प्लॅस्टिकची, सगळ्यांनी हिणवलेली ५० मिमी? एफ २.५ वर ठेवलीस तरी वीस मिलिमीटरचं भोक. वीसपट!

अर्थात हा हिशेब ताऱ्यांच्या टिंबांचा झाला. आकाशगंगेचा जो धूसर पट्टा दिसतो तो पसरलेला उजेड, तो एफ-नंबरच पाहतो, भोक नाही. तिथे १४ ची २.८ तुझ्या ४ पेक्षा दुप्पट बरी, हे मी नाकारत नाही. पण १.८ त्याहून अडीचपट बरी. मग १४ चं कौतुक उरतं कुठे? फक्त रुंदीत.

आणि ५० मिमीने आकाशगंगा कशी काढायची? तुकड्या-तुकड्यांनी. कॅमेरा उभा धरून, ट्रायपॉडवर, प्रत्येक फ्रेम शेजारच्या फ्रेमवर एक तृतीयांश चढवत, चार ओळींत पंधरा-सोळा फोटो. प्रत्येक ३ ते ४ सेकंदांचा, एफ २.५, आयएसओ ३२०० किंवा ६४००. मग घरी जोडायचे. सगळं मिळून तीन-चार मिनिटांत होतं, तेवढ्यात आकाश फारसं सरकत नाही. खालचं देऊळ किंवा बुरूज आधीच वेगळा काढून ठेव. पहिल्या दोन-तीन वेळा जोडणी फसेल, मधे एखादी फ्रेम राहून जाईल. माझीही गेली आहे. पण हे एकदा जमलं की त्या फोटोचा बारीक तपशील बघून कोणाला खरं वाटणार नाही की तो आठ-दहा हजारांच्या लेन्सचा आहे.

३-४ सेकंदच का, तर पृथ्वी फिरते म्हणून. आकाश तासाला १५ अंश सरकतं. १८ मिमी लावून तुझ्या २००डी वर बघितलं तर तारा दर तीन सेकंदांना साधारण एक पिक्सेल ओलांडतो. ५० मिमीवर दर सेकंदाला. '५०० चा नियम' म्हणून जो सगळीकडे सांगतात, की ५०० ला लेन्सच्या मिमीने भागा, तुझ्यासारखा क्रॉप सेन्सर असेल तर आधी मिमीला १.६ ने गुणून घ्या, तो फिल्मच्या काळातला आहे. त्याने १८ मिमीला १७ सेकंद येतात, म्हणजे तारा सहा पिक्सेल लांब. मोबाइलवर खपून जाईल, छापलास तर ताऱ्यांच्या जागी तांदूळ दिसतील. १८ मिमीवर १० सेकंदांच्या पुढे जाऊ नको. उजेड कमी पडला तर तसेच दहा-वीस फोटो काढ आणि सिक्वेटरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रच. दहा फोटोंची सरासरी काढली की दाणा साधारण तिपटीने कमी होतो. हेच ते धीराचं काम.

आता मुख्य गोष्टीवर येतो, कोपऱ्यांवर. लेन्स विकणारा नेहमी मधला भाग दाखवतो. तू कोपरा बघ. उघड्या वाइड लेन्सची सगळी पापं कोपऱ्यात जमा होतात, आणि सप्ताहाच्या फोटोत कोपऱ्यात कोण असतं? टाळकरी. महाराज मध्ये, मृदंग एका अंगाला, आणि दोन्हीकडे टाळकऱ्यांच्या रांगा थेट फ्रेमच्या टोकापर्यंत. त्यातला शेवटचा टाळकरी हा कोणाचा तरी बाप असतो आणि फोटोचे पैसे बहुतेक वेळा त्याचाच पोरगा देतो.

पहिलं पाप काळोखीचं. एफ १.४ किंवा १.८ लिहिलेलं असतं ते फ्रेमच्या मध्यापुरतं. पूर्ण उघडल्यावर बऱ्याच वाइड लेन्सच्या कोपऱ्यात दोन स्टॉपपर्यंत कमी, म्हणजे चौथा हिस्साच, उजेड पोचतो. म्हणजे १.४ ची लेन्स टोकाला २.८ चीच निघते. सॉफ्टवेअर तो कोपरा उजळवतं खरं, पण सोबत तिथला दाणाही उजळवतं. हे पाप मी माफ करतो. मंडपात कडा थोड्या काळ्या पडल्या तर उलट बरंच दिसतं.

दुसरं, कोपऱ्यातला तारा टिंब राहत नाही, पंख पसरलेल्या बगळ्यासारखा होतो. याला कोमा म्हणतात. बहुतेक वेळा त्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझम या दुसऱ्या दोषाचीही भर असते. मंडपात हाच दोष टोकाच्या दिव्याला आणि माळेतल्या बारक्या बल्बांना शेपट्या फोडतो. निकॉनने १९७७ मध्ये ५८ मिमी एफ १.२ नॉक्ट काढली ती याच दोषावर उपाय म्हणून. तिची पुढची काच गोलाकाराला सोडून असलेल्या वक्राची, हाताने घासून घडवलेली होती, म्हणून तिच्या किमतीला आजही हात लावायची सोय नाही. आता तसल्या काचा साच्यात बनतात आणि माणसाला परवडतात. तरी प्रत्येक लेन्सचा एक आकडा असतो जिथे बगळ्याचं परत टिंब होतं. माझ्या लेखी लेन्सचं खरं अपर्चर तेच. डब्यावर १.४ लिहिलं असून ती २.८ वर गेल्याशिवाय कोपरा सुधारत नसेल, तर तू १.४ चे पैसे देऊन २.८ घेतलीस. १८-३५ मी आकाशाला एफ २ किंवा २.२ वर वापरतो. मंडपात १.८ वर बिनधास्त.

तिसरं पाप लेन्सचं नाहीच, भूमितीचं आहे, आणि कितीही पैसे घाल, ते जात नाही. गोल डोकं सपाट सेन्सरवर तिरकं पडलं की ताणलं जातं. फुल फ्रेमवर, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर, १४ मिमीच्या अगदी टोकाला गोल चेहरा सुमारे १.८ पट लांबोळा होतो. २४ मिमीवर १.३५ पट. तुझ्या क्रॉप सेन्सरवर १४ मिमी लावली तर १.४ च्या जवळ, आणि १८ मिमीवर सव्वापट. सव्वापटीला कोणी काही म्हणत नाही. त्याच्या पुढे गेलं की घरचे विचारतात, "आमच्या तात्यांचं डोकं भोपळ्यासारखं का केलं?" ही तक्रार मी एका लग्नात प्रत्यक्ष ऐकून घेतली आहे आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून माणसांच्या कामाला १८ च्या खाली जाऊच नको.

आणखी एक घरगुती कारण. बऱ्याच १४ मिमींची पुढची काच डोळ्याच्या बुबुळासारखी बाहेर आलेली असते, तिला फिल्टरचे आटे नसतात. काल्याच्या दिवशी काय होतं तुला माहीत आहे. बुक्का, गुलाल, लाह्या, दह्याचे शिंतोडे. तुळजापूरला नवरात्रात गेलास तर कुंकू. त्यात ती उघडी काच घेऊन शिरणं म्हणजे डोळे उघडे ठेवून खळ्यात उभं राहणं. १८-३५ ला ७२ मिमीचा साधा फिल्टर बसतो, खराब झाला की फेकता येतो. बुक्का काचेवर बसलाच तर कापडाने पुसू नको, उपरण्याने तर मुळीच नको. त्या भुकटीने काचेवरचा लेप घासला जातो. आधी ब्लोअरने उडव, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड.

१४ मिमीने चांगलं काम कुठे होतं, हेही सांगायला हवं. जिथे मागे सरकायला जागाच नाही तिथे. जुन्या वाड्याचं देवघर, देवळाचा अंतराळ (गाभाऱ्यापुढची चिंचोळी जागा), लेणी. पण लेण्यांत तुला वेगळीच गंमत दिसेल. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि अजिंठा-वेरूळला ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची आगाऊ परवानगी लागते. म्हणजे हातातच धरून काढायचं. तिथे मूर्ती आणि चित्रं हलत नाहीत, हलतो तो आपला हात. तुझ्या १८-५५ मध्ये हात स्थिर करणारी यंत्रणा आहे, १८-३५ मध्ये नाही आणि २००डी च्या बॉडीतही नाही. श्वास रोखून, खांबाला टेकून तू तुझ्या जुन्या लेन्सने १/४ किंवा १/८ सेकंदावर पद्मपाणी काढशील. १८-३५ ने त्यासाठी १/३० तरी लागेल. म्हणजे अपर्चरचा सगळा फायदा तिथे फिटतो. तेव्हा १८-५५ विकून टाकायचा विचार असेल तर विकू नको, तिला येणारही काही नाही. सराव करायचा तर अजिंठ्यालाही जायला नको. आमच्या अंबाजोगाईच्या हत्तीखान्याच्या लेण्यांत एखादी सकाळ घालव, गर्दी नसते.

कॅमेरा बदलायचा सल्ला देणारा मित्र अगदीच चुकीचा नाही, फक्त घाई करतो आहे. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सरच्या मध्ये आरसा असतो. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडात, लेन्सच्या बुडापासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर सोडावं लागतं. आता १८ मिमीची लेन्स ४४ मिमी लांबून चित्र कसं पाडणार? त्यासाठी पुढे उलट्या बाजूची मोठाली भिंगं लावून ती लांबवावी लागते. फ्रान्सच्या अँजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मिमीच्या लेन्सला ही युक्ती लावली, तेव्हापासून सगळ्या डीएसएलआर वाइड तशाच. म्हणून त्या जड. १८-३५ चंच वजन ८१० ग्रॅम आहे, गळ्यात अडकवून तीन तास कीर्तन उभ्याने काढलंस की मानेला कळेल. मिररलेसमध्ये आरसा नाही, कॅनन आरएफला २० मिमी, सोनीला १८ मिमी अंतर पुरतं. परिणाम काय, तर सिग्माची डीएसएलआरची १४ मिमी एफ १.८ किलोच्या वर भरते आणि सोनीची मिररलेसची १४ मिमी एफ १.८ फक्त ४६० ग्रॅम. तुझ्या मित्राने सांगितलेली सिग्मा १६ मिमी एफ १.४ हीसुद्धा मिररलेसचीच, ४०५ ग्रॅमची. २००डी ला ती बसणारच नाही. लेन्स फार गुणी आहे. तू कोऱ्या पाटीने सुरुवात करत असतास तर मी तीच सांगितली असती.

पण तुझ्याकडे चाळीस हजार आहेत आणि येत्या हंगामात कामं आहेत. त्या पैशात बॉडी आणि लेन्स दोन्ही घ्यायला गेलास तर दोन्ही अर्धवट येतील. १८-३५ आज घे. उद्या कॅननचा आरएफ कॅमेरा घेतलास तर अडॅप्टर लावून ती तशीच चालते, ऑटोफोकससकट. फुल फ्रेमवर गेलास मात्र ती क्रॉपमध्येच वापरावी लागेल, तेवढं मनात ठेव.

वापरलेली लेन्स घेताना मी एकदा पुरता फसलो आहे. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून २४ मिमी एफ १.४ आणली. दुकानात काउंटरमागच्या कॅलेंडरचा फोटो काढला, तारखा कोरीव आल्या, पैसे मोजले. नंतर दोन महिने डावीकडचा टाळकरी दर फोटोत धूसर. मला वाटलं माझा फोकस चुकतोय, मग वाटलं तोच जास्त हलतोय. तो गरीब माणूस आपला जागच्या जागी टाळ वाजवत होता. शेवटी गच्चीवरून रात्री गावाच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा काढला तेव्हा उलगडा झाला. लेन्स कधीतरी पडलेली असावी, आतली एक काच तिरकी बसली होती. उजवीकडे दिवा टिंब, डावीकडे शेवयाचा तुकडा.

तीच माझी परीक्षा आता कायमची. लांबवरचा एकटा दिवा शोध, टाकीवरचा, टॉवरवरचा, अर्धा-एक किलोमीटरवरचा. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी, दिवा मध्यात आणून लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस कर. मग फोकसला हात न लावता दिवा चारही कोपऱ्यांत आणून एकेक फोटो. चारही कोपऱ्यांत दिवा बिघडला पण सारखाच बिघडला, तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकाच कोपऱ्यात वेगळा बिघडला, तर ती लेन्स परत दे. मग एफ २, २.८ असं बंद करत जा आणि कुठे टिंब होतं ते वहीत लिहून ठेव. आकाश लागत नाही, अमावस्या लागत नाही, दहा मिनिटांचं काम.

आकाशासाठी आपल्या भागाबद्दल थोडं. आकाशगंगेचा भरगच्च भाग वृश्चिकाच्या नांगीजवळ, धनूच्या सीमेवर आहे. आपल्या अक्षांशावरून तो दक्षिणेला साधारण ४२ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे क्षितिज आणि डोक्याच्या मधोमध, देवळाच्या शिखरासोबत फ्रेममध्ये सहज बसेल एवढा. त्यासाठी १४ मिमीची गरजच नाही. मार्चच्या मध्यावर पहाटे तीन ते पाच, मेमध्ये रात्री अकरापासून उजाडेपर्यंत. जूनमध्ये ढग आले की हंगाम संपला. अमावस्येच्या आगेमागे चार-पाच रात्री धर. दक्षिणेकडे बघायचं असल्यामुळे शहर आपल्या उत्तरेला असावं. अंबाजोगाईवरून लातूरचा उजेड नेमका दक्षिणेला, जरा पूर्वेकडे, येतो आणि खालची पट्टी नारिंगी करतो. मी म्हणून बालाघाटाच्या रांगेत पश्चिमेकडे सरकतो, तुला तर ते घरचंच. एप्रिल-मेमध्ये धुळीने आकाश मातकट होतं. अवकाळीचा सडा पडून गेला की दुसऱ्या रात्री बाहेर पड, तेवढं स्वच्छ आकाश वर्षभरात दिसत नाही.

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नको. व्याध, चित्रा, स्वाती, जो तेजस्वी तारा दिसेल तो लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठा करून सगळ्यात बारीक टिंब होईपर्यंत कडं फिरव, मग कड्याला चिकटपट्टी लाव. संध्याकाळी तापलेली लेन्स पहाटे गार होते आणि फोकस किंचित सरकतो, तेव्हा एकदा पट्टी काढून पुन्हा बघ. हिवाळ्यात मृग नक्षत्र काढायला धनेगावला मांजरा धरणाच्या काठावर गेलास तर काचेवर दव धरेल. हूड लाव आणि दर पंधरा मिनिटांनी काच तपास.

लेन्स मिळाली आणि दिव्याच्या परीक्षेत शंका वाटली तर चारही कोपऱ्यांचे फोटो घेऊन अंबाजोगाईला ये. माझी १८-३५ तुझ्या कॅमेऱ्याला लावू, तुझी माझ्या, आणि गच्चीवरून त्याच टाकीच्या दिव्यावर दोन्ही ताडून बघू. रात्री नऊनंतर ये, त्याआधी खालच्या दुकानांचे बोर्ड चालू असतात.